पहिल्या प्रश्नाचे दोन मार्क

टिण्.

गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेली तेलाची वाटी फिरत फिरत कडेला टेकते, आणि घरातली दुपार तेवढ्यानेही दचकते. प्रणिता डोळे उघडत नाही. दोन महिन्यांची तान्ही आत्ता कुठे तिच्या कुशीत निजली आहे. मोठा श्वास घेतला तरी उठेल. जाऊन वाटी बाहेर काढायला हवी, असं तिला वाटतं. पण वाटणं आणि उठणं यांच्यात गेल्या दोन महिन्यांत फार अंतर पडलं आहे.

तेल खरं तर सारिकाने तापवायचं. मालिशीला रोज सकाळी तीच येते. आजही आली होती. तिने अंगठी काढली, साबण लावून वीस आकडे होईपर्यंत हात धुतले, तेलाचा थेंब मनगटावर टाकून पाहिला. सगळं बिनचूक. बिनचूक असणारच, बाळ-बाळंतिणीच्या मालिशीच्या तिच्या प्रमाणपत्रावर सही प्रणिताचीच आहे. आणि तरी प्रणिता एकाएकी म्हणाली, "राहू दे आज. तू जा."

"माझं काही चुकलं का मॅडम?"

"नाही. तेच तर."

सारिका बिचारी काही न कळून निघून गेली. तेव्हापासून प्रणिताच्या डोक्यात नुसता जाळ आहे. कुणावर, ते तिला ठाऊक आहे. उशीखाली घडी घालून ठेवलेली उत्तरपत्रिका तिच्या कानाला टोचते आहे.

उत्तरपत्रिका तिच्या आईची आहे. शालनची.

नवरा गेल्यावर, चाळिशीत, शालनने हा धंदा धरला. कराडात मंगळवार पेठेपासून पार कार्वे नाक्यापर्यंत पोर जन्मलं की तिला बोलावणं यायचं. जमिनीवर पाय पसरून ती पोर नडग्यांवर घ्यायची. विळीवर कापलं होतं तेव्हापासून उजव्या अंगठ्यावर तिरपी खूण होती. त्या अंगठ्याने पाठ चोळली की रडकं पोरसुद्धा हुं हुं करत गप्प व्हायचं. दहा वर्षं असं चाललं. मग तिथल्या एका मोठ्या इस्पितळाने फलक लावला: प्रमाणपत्र नसलेल्या बायकांना बाळंतिणींच्या खोल्यांत प्रवेश नाही. प्रमाणपत्राला कोर्स हवा, आणि कोर्सला दहावी. सातवीत शाळा सुटलेल्या शालनने पन्नासाव्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, लेकीहून कितीतरी लहान पोरींबरोबर बाकावर बसली आणि दहावी काढली. "आता मला कुणी अंगठा कर म्हणायचं न्हाय," असं म्हणाली होती.

कोर्स ज्या संस्थेत होता, तिथे प्रणिता फिजिओथेरपी शिकवत होती. मालिशीचा अभ्यासक्रम तिनेच लिहिला होता. कसा? आई पोरं चोळताना शेजारी वही घेऊन बसून. म्हणजे शालन जो कोर्स शिकायला गेली, तो तिचाच होता. प्रात्यक्षिकात दुसऱ्या परीक्षकांनी तिला पन्नासपैकी सेहेचाळीस दिले. लेखीत मिळाले अठरा. पास व्हायला हवे होते वीस.

लेखीचे पेपर प्रणिताने तपासले होते. वर फक्त नंबर असतात, नाव नसतं. पण एका पेपरला तिळाच्या तेलाचा वास येत होता.

फेरपरीक्षा तीन महिन्यांनी होती. शालन दोनच महिन्यांत गेली, भाजी निवडता निवडता, एका झटक्यात. पेपर कुणी तपासला हे आईला कळलं होतं का, एवढं एकच प्रणिताला जाणून घ्यायचं आहे. विचारायला आता कुणी नाही. गेल्या आठवड्यात रजेच्या सहीसाठी ती संस्थेत गेली, तेव्हा जुने पेपर रद्दीच्या पोत्यात चालले होते. तिने वास घेत घेत एक ओढून काढला.

तान्हीचा श्वास तिच्या गळ्याशी येतो, जातो. पंखा फिरतो. डोळे मिटलेलेच आहेत आणि तरी प्रणिताला दिसतं की न्हाणीघराचं दार उघडं आहे, आणि आत फरशीवर पाय पसरून आई बसली आहे.

"आण तिला," शालन म्हणते.

"झोपलीय."

"झोपलेलीच बरी. जागी असली की तुझी ती मास्तरीण येती, आकडं मोजत हात धुणारी."

"सारिका चांगली आहे गं."

"चांगली हाय. पास हाय न्हवं." शालन पदर खोचते. तिच्या आवाजाला धार आहे. मेल्यावर माणूस निवतं म्हणतात, ही निवलेली नाही. "फर्स्ट क्लास, का काय ते?"

प्रणिता तान्हीला उचलून न्हाणीत पाऊल टाकते तर फरशी लांबच लांब होत जाते. नळाच्या जागी फळा आहे. बाकांच्या रांगा लागल्या आहेत आणि प्रत्येक बाकावर एकेक बाळ उताणं पडून पाय झाडतं आहे. पावलांवर शाईने नंबर घातले आहेत. आई शेवटच्या बाकावर, अंगात न्हाणीतलंच ओलं लुगडं. आणि प्रणिताच्या हातात बाळ नाही, लाल पेन आहे.

"आई, बाळ कुठंय?"

"बसलं असंल नंबरात. शोध की. तुला वळखू येत्यात न्हवं पेपर, नाव नसलं तरी?"

प्रणिताच्या हातातलं लाल पेन खाली येतं.

"तुला माहीत होतं?"

"क्लार्कनं दावला मला पेपर. नापासांना दावायचा असतो म्हनला. लाल गोल बघितला आन कळलं. गोल काढताना तू बुडाशी गाठ मारतीस, बालवाडीपासनं. मीच तर पाटीवर हात धरून गिरवून घेतलाय."

"मग बोलली का नाहीस? दोन महिने माझ्या हातचं जेवलीस. बोलायचं ना! भांडायचं!"

"तू वकत व्हतीस न्हाणीत. ही पोटात व्हती तवा. वकणाऱ्या पोरीशी काय भांडू?" शालन बाकावर हात आपटते, सगळी बाळं एकदम दचकून हात वर करतात, हजेरी दिल्यासारखे. "म्हनलं, दिवस सरू देत, मग बघते हिच्याकडं. तेवढ्यात माझंच सरलं."

प्रणिताला रडू यायला हवं, पण येतो तो संताप. तो इतके महिने दाबून ठेवलेला आहे, आणि त्यातला अर्धा आईवरच आहे.

"आणि तू? तू काय लिहिलंस? पहिला प्रश्न, सगळ्यात सोपा, दोन मार्कांचा! बाळाच्या मालिशीची पहिली पायरी कोणती? हात धुणे, नखे कापलेली असणे, तेल तपासणे. दहा वेळा घोकून घेतलं होतं मी तुझ्याकडून. भाकऱ्या करताना म्हणून दाखवायचीस!"

"पाठ व्हतं की."

"मग?"

"खरं न्हवतं."

"खरं-खोटं कोण विचारतंय पेपरात!"

"हात धुनं ही काय पायरी असती व्हय गं? भाकरी थापायच्या आधी हात धुतो म्हनून कुणी लिव्हून ठेवतंय का? ते माणूस करतंच. पायरी म्हंजे जिथनं काम सुरू होतं ती. मी माझं लिव्हलं."

आईने काय लिहिलं होतं ते प्रणिताला पाठ आहे. मोठ्या, एकेका ओळीला दोन ओळींची जागा खाणाऱ्या अक्षरात: आधी आईला विचारावे, रात्री झोपलीस का. ती झोपली नसेल तर बाळ कडक असते. आधी तिची पाठ चोळावी, मग बाळ घ्यावे.

त्यापुढे लाल शून्य. बुडाशी गाठ मारलेलं.

"पुस्तकात नव्हतं ते," प्रणिता म्हणते. स्वतःचाच आवाज तिला खडूसारखा कोरडा लागतो. "नमुना उत्तरात नव्हतं, आई."

"का न्हवतं? तू शेजारी बसून वहीत लिव्हून घेत व्हतीस. हात किती येळा फिरवला ते लिव्हलंस. कोपर कुठं टेकलं ते लिव्हलंस. मी त्या बाळंतिणीशी बोलत व्हते ते कुठं गेलं?"

बाक नाहीत. इस्पितळाचं काचेचं दार आहे, आणि दारावर तो फलक. शालन आत जाऊ बघते. दार आपोआप उघडणारं आहे, पण तिच्यासाठी उघडत नाही. ती मागे येते, पुन्हा पुढे जाते. दाराला ती दिसतच नाही. आतून पोरं रडल्याचा आवाज येतो, एकाच सुरात, कडक झालेल्या पोरांचा.

"दोन मार्क दिलं असतंस तर?" शालन काचेला कपाळ लावून विचारते. "तुझं काय जात व्हतं?"

"लोक काय म्हणाले असते माहितीये? पेपर तपासायच्या आदल्याच दिवशी संस्थेत जेवताना ते पाटील सर सगळ्यांसमोर हसून म्हणाले, तुमच्या आईंना काय काळजी, घरचाच पेपर! सगळे हसले. मी पण हसले. आणि घरी येऊन..."

"आन घरी येऊन मला भोपळा काढून दावलास. पाटलाला दावायला."

"हो!" प्रणिता ओरडते. ओरडल्यावर तिला हलकं वाटतं, आणि लाज वाटते. "हो. पाटलाला दाखवायला. चुकले मी. आता देते. थांब, आत्ता देते दोन मार्क." ती पेन काचेवर टेकवते. लाल रंग उमटतो आणि ओघळून जातो. पुन्हा लिहिते. पुन्हा ओघळतो.

"ऱ्हाऊ दे. आता देऊन दार उघडनार हाय का?"

"आई, रागावू नको ना."

"रागावनार." शालन वळते. चेहऱ्यावर घाम आहे, डोळे जळजळीत. "मेले म्हनून राग सोडू? पन्नासाव्या वर्साला चष्मा लावून, बोटं मोजून गणितं सोडिवली मी. सोडनार न्हाय. तू बी सोडू नको. पर त्या सारिकाला कशाला हाकललंस सकाळी? तू शिकिवलं तेवढंच तिनं केलं. तिच्या पुस्तकात जे न्हाय ते तिनं आनायचं कुठनं?"

न्हाणीघराची फरशी परत पायाखाली आली आहे, ओली, कोमट. आई पाय पसरून बसली आहे आणि तान्ही तिच्या नडग्यांवर पालथी पडली आहे, डोकं आईच्या पावलांकडे. पातेल्यातली वाटी आईच्या शेजारी आहे. ती बोटं बुडवते. तो अंगठा, ती तिरपी खूण, तान्हीच्या पाठीच्या कण्याशेजारून खाली उतरते. हुं, हुं, असं तान्ही करते.

"कडक हाय," शालन पुटपुटते. "लई कडक हाय पोर." आणि मान वर न करता, तिरसटपणे, अजून भांडणच चालू असल्यासारखी विचारते, "पनू. रात्री झोपलीस का गं?"

पनू म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. प्रणिता तोंड उघडते. दोन महिन्यांत हे तिला कुणी विचारलं नाही. नवरा फोनवर विचारतो, बाळ झोपलं का? सासूबाई विचारतात, बाळाचं वजन किती भरलं? आई थांबून राहिली आहे. हात थांबवून, उत्तराची वाट बघत.

टिण्.

पंखा. पडदा. तान्ही कुशीतच आहे, पण सैल, उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखी. मुठी उघडलेल्या. ती अशी कधीच झोपत नाही. प्रणिता घाईने हात पुढे करून तिचं झबलं वर करते, पाठ बघते. पाठ कोरडी आहे. प्रणिताचे स्वतःचे हातही कोरडे. तेलाची वाटी तिकडे ओट्यावर, पातेल्यात.

उत्तरपत्रिका मात्र उशीखाली नाही. ती गादीवर उघडी पडली आहे, पहिल्या पानावर. आणि लाल शून्याच्या बरोबर मधे तेलाचा डाग आहे, अजून ओला, अजून पसरणारा. कागद तिथे काचेसारखा झाला आहे. अंगठ्याएवढा डाग. प्रणिता खाली वाकते. डागातून तेवढी एक रेघ तेल न लागलेली, कोरडी पांढरी राहिली आहे. तिरपी.

ती बोट पुढे नेते आणि टेकवत नाही. टेकवलं तर पुसेल.

बाहेर लोटलेलं दार ढकलल्याचा आवाज होतो. शेजारच्या काकूंनी शाळेतून तिच्या थोरल्या लेकीला, जुईला, आणून सोडलं आहे. पहिलीतली जुई दप्तर न काढताच आत येते, गादीच्या कडेला गुडघ्यांवर बसते आणि नाक पुढे काढून वास घेते.

"आजीचा पेपर आहे ना हा?"

"तुला कसं कळलं?"

"आजीचा वास येतोय." ती पानावर ओणवी होते. अक्षर लावत, ओठ हलवत, एकेक शब्द वाचते. "आ-धी आई-ला वि-चा-रा-वे... रा-त्री झोप-लीस का." मान वर करून आईच्या तोंडाकडे नीट बघते, खरंच विचारल्यासारखी. मग पुन्हा खाली बघते, आणि तिच्या कपाळाला आठी पडते. आजीची आठी.

"बरोबर तर लिहिलंय," जुई म्हणते. "मग आजीला हा भोपळा कुणी दिला?"