टबातलं विसर्जन आणि छीतरजी

छीतरजी नळवाले आमच्याकडे आले की आधी दारात चपला काढतात, मग पान्यांची पिशवी अलगद खाली ठेवतात. जयपूरच्या मानसरोवर वस्तीतल्या आमच्या गल्लीत कुणाचाही नळ गळला की त्यांनाच हाक. पाइपाला कान लावून पाणी कुठं अडलंय ते सांगतात. "नल सच बोलता है माँजी, झूठ तो आदमी बोलता है." मी हसायचे. हसायला काय जातंय!

माझा राजन बँकेत. बदली होऊन जयपूरला आलो आणि पारीकजींच्या माडीवर भाड्यानं राहिलो. न्हाणीत भलामोठा टब. पाणी येणार तासभर, त्यात लोळून अंघोळ कोण करणार? आम्ही त्यात पाणी साठवतो. तळाची जाळी गळायची, म्हणून यंदा, २००६च्या श्रावणात, छीतरजींनी नवी बसवून दिली.

मग गणपती आले. शाडूची वीतभर मूर्ती मी कराडहून मांडीवर घेऊन आणली होती. पाचव्या दिवशी सकाळीच आरती झाली. राजन म्हणाला, "आई, बादलीत विसर्जन कर आणि माती तुळशीला घाल." तो बँकेत गेला, सूनबाई कीर्ती शाळेत शिकवायला. मी बादलीकडे बघितलं. कालच त्या बादलीतल्या पाण्यानं फरशी पुसलेली. देवाला त्यात कसं बसवू? टब मात्र काठोकाठ भरलेला. या गावात त्याहून मोठं पाणी मला कुठं दिसणार? सोडला देव टबात.

दुसऱ्या दिवशी सगळी माती तळाशी बसलेली, पाणी जाईना. घरी कुणी नव्हतं. उलथण्याच्या दांड्यानं जाळीत टोचलं, जोर लावला. कट् आवाज आला आणि पाणी भसाभस गेलं. म्हटलं, जमलं!

संध्याकाळी पारीकजी वर आले. त्यांच्या बैठकीचं छत टपकत होतं.

सकाळी छीतरजींना बोलावलं. पारीकजी न्हाणीच्या दारातच उभे. "ऐसा काम करते हो, छीतर? और मैं छत की टंकी का काम तुमको देनेवाला था!"

राजन म्हणाला, "महीना भी नहीं हुआ, भैया."

छीतरजी टबात उतरले. जाळीत पकड रोवली, पान्यानं उलटी फिरवून तुटकी जाळी वर काढली. खाली गाळ, आणि त्यात शेंदरी रंगाचं मातीचं एक ढेकूळ. त्यांनी वाकलेली जाळी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाशी धरून उभी. लेकासमोर, घरमालकासमोर कसं सांगू, की मी देवाला न्हाणीत बुडवलं आणि वर उलथण्यानं ढोसलं?

"मैंने ही ज़्यादा कस दी होगी, साहब," छीतरजी म्हणाले.

माती त्यांनी स्वतःच्या गमछ्यात गोळा केली. नवा वायसर, नवी जाळी घातली, टब भरला आणि थेंब पडत नाही हे खाली जाऊन बघून आले. जाताना हळूच म्हणाले, "माँजी, मिट्टी पीपल के नीचे रख दूँगा. अगले साल बता देना, जाली पर पहले कपड़ा बाँध दूँगा."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस मला घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी राजनला आणि पारीकजींना सगळं सांगितलं. राजन कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, तू ना!" पारीकजी म्हणाले, "माँजी, पहले बोलतीं! टंकी का काम तो कल दूसरे को दे दिया."

मी छीतरजींकडे गेले, हात जोडले. "गणेशजी का मामला था, माँजी, मैं क्या बोलता?" म्हणत ते हसले. मला हसू येईना. 'छीतरची जाळी गळली' ही बातमी तोवर गल्लीभर झाली होती.

आता रोज दुपारी मी एकेका घरी जाऊन खरं काय ते सांगते, मोडक्यातोडक्या हिंदीत. सात घरं झाली. बायका चहा पाजतात, म्हणतात, "जाने दो, अम्मा." कसं जाऊ देऊ? पलीकडच्या ओळीची अजून अकरा घरं राहिलीत.