मधोमध कापलेली बस

आमच्या मामीला चूक दिसते. बाकीच्यांना पडदा दिसतो, मामीला पडद्याची शिवण दिसते. अठ्ठावीस वर्षं तिने कापडाच्या गिरणीत तपासणीचं काम केलं. खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि मामी डोळ्यांत तेल घालून उभी असायची. तुटलेला धागा, जाड गाठ, रंगाचा डाग, काहीही दिसलं की तिथे काठाला दोरा बांधायचा. निवृत्त झाली तेव्हा दोरा गिरणीत राहिला, नजर मात्र घरी आली. मी तिची भाची, दोन गल्ल्या पलीकडे राहते, त्यामुळे त्या नजरेचा मारा सगळ्यात जास्त माझ्यावर. मी घरांचे नकाशे काढण्याचं काम करते, सरळ रेषा ओढून पोट भरते, तरी माझ्या घरी आली की पाणी प्यायच्या आधी ती सांगते, "भिंतीवरचं घड्याळ तिरकं आहे गं." आणि ते असतंच, हा खरा त्रास.

मामाला यातलं काही दिसत नाही. तो बसचालक होता. तीस वर्षं शहरातली बस चालवली आणि एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, हे तो ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगतो. निवृत्तीनंतर रोज दुपारी डेपोसमोरच्या बाकावर जाऊन बसायचा. तिथे त्याच्यासारखेच चार-पाच म्हातारे चालक जमायचे आणि नवी पोरं बस मागे कशी घेतात यावर तोंडसुख घ्यायचे.

त्या बाकावरच स्वेटरची गोष्ट निघाली. कुणाच्या तरी नातवाच्या स्वेटरवर मोटारी होत्या. मामा घरी येऊन मामीला म्हणाला, "मला बसचा कर की एक. छातीभोवती बस, एकामागोमाग एक. मी बाकावर सांगून आलोय." तो थट्टेत म्हणाला होता. मामीने दुसऱ्या दिवशी मला आलेख-कागद घेऊन बोलावलं.

आम्ही दोघींनी कागदावर बस बसवली. एक चौकोन म्हणजे विणकामातलं एक घर. बस वीस घरं लांब, मध्ये चार घरं मोकळी, अशा बारा बस, म्हणजे गोल सुईवर दोनशे अठ्ठ्याऐंशी घरं. जमीन राखाडी, बस विटकरी, चाकं गडद निळी, खाली रस्त्याचे तुटक पांढरे पट्टे. एका ओळीत दोनच रंग चालवायचे. जो रंग समोर नाही तो मागून फिरत राहतो, आणि तो जरासा ओढला गेला की सगळी छाती आवळून येते. मामीची एकच अट होती. "एक बस बरोब्बर छातीच्या मधोमध आली पाहिजे. अर्धी इकडे, अर्धी तिकडे, असलं काही नको."

बसचा पट्टा तिने चार वेळा उसवला. पहिल्यांदा खिडक्या कलल्या. दुसऱ्यांदा मागचे धागे ओढले गेले. तिसऱ्यांदा काय झालं ते तिने मला सांगितलंही नाही, नुसता लोकरीचा गुंडा दाखवला. चौथ्यांदा तर बाराही बस झाल्या होत्या, मी टाळ्या वाजवल्या, आणि हिला पाठीवरच्या एका बसच्या खिडकीत एक घर जास्त सापडलं.

"अगं, पाठीवर आहे. मामाला कधी दिसणार?"

"ह्यांच्यामागे जो उभा राहील त्याला दिसेल ना."

आणि उसवलं. मी रागाने घरी गेले आणि आठवडाभर फिरकले नाही. असा तो स्वेटर दीड वर्ष चालला होता.

मग मामा पडला. दिवा बदलायला स्टुलावर चढला होता. उजवा खांदा मोडला, शस्त्रक्रिया झाली, आणि हात छातीच्या वर जाईना. कोपर वाकायचं, बोटं चालायची, पण हात काही वर उचलला जायचा नाही. व्यायाम म्हणून भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची होती. जिथपर्यंत बोटं पोचतील तिथे मामी पेन्सिलीने खूण करायची. पहिल्या महिन्यात खुणा वर चढल्या. मग सगळ्या एकाच जागी होऊ लागल्या, इतक्या की तिथे भिंतीवर एक काळा डागच झाला.

खरं दुखणं खांद्याचं नव्हतं. पुढून उघडणारे कोट बाजारात ढिगाने मिळतात, मी स्वतः एक आणला. पण त्याचं कापड ताठ, ते खांद्यावर ओढून घ्यायला दुसरं माणूस लागायचं. एक दिवस दारात मामी त्याला कोट घालत होती आणि समोरची शेजारीण जिन्यात थांबून कौतुकाने बघत होती. मामाने कोट काढून खुंटीला लावला तो लावलाच. "बाळासारखं उभं राहून कपडे घालून घ्यायचे नाहीत मला," म्हणाला. त्यानंतर तो घराबाहेर पडला नाही. बाकावरची मंडळी भेटायला येतो म्हणाली तर नको म्हणाला. दिवसभर शाल गुंडाळून खिडकीशी. जेवण अर्ध्यावर आलं, बोलणं त्याहून कमी झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हात राहू द्या एक वेळ, पण यांना चालतं करा. नाहीतर खुर्चीतून उठणं अवघड होईल."

आम्ही काही म्हटलं की त्याचं एकच उत्तर. "हिचा स्वेटर झाला की जाईन. बाकावर तसं सांगितलंय मी."

मामीने ते शब्द धरले. पाच महिने ती दुसरं काही करत नव्हती. बाह्या झाल्या, गळा झाला. सगळ्या जगातली चूक हेरणाऱ्या या बाईच्या मनात एकदाही आलं नाही की हा स्वेटर डोक्यावरून घालायचा आहे आणि ह्याचा हात वर जात नाही. तिचा हिशोब साधा होता, स्वेटर होईल तोवर हात बरा होईल. मी नकाशेवाली, माझ्याही मनात आलं नाही, तेव्हा मी तरी कोणत्या तोंडाने बोलू?

घालून बघितला त्या दिवशी डोकं गेलं, डावा हात गेला, आणि उजव्या बाहीपाशी मामाचा चेहरा पांढरा पडला. आम्ही दोघींनी ओढून, वळवून पाहिलं. तो ओरडला नाही, हेच वाईट होतं. आतूनच म्हणाला, "काढ. राहू दे आता." स्वेटर निघाल्यावर त्याने केस सारखे केले आणि खिडकीशी जाऊन बसला. "छान झालाय," म्हणाला. मामी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिला लोकरीच्या दुकानात नेलं. दुकानवाल्या बाई सत्तरीच्या, तोंडाने फटकळ. मी त्यांना मामाच्या हाताचं सांगितलं. त्यांनी स्वेटर उलटा करून मागची बाजू बघितली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाल्या, "पुढून मधोमध कापा. बटणपट्टी लावा."

मामी हसली. तिला वाटलं, बाई चेष्टा करताहेत. विणलेलं कापड कापलं की घरं सुटत जातात, हे लहान पोरालाही कळतं. सुरुवातीला रंग जुळवायला विणलेला हातभर तुकडा मामीच्या पिशवीत होता. बाईंनी तो मागून घेतला, आणि आम्ही काही म्हणायच्या आत काउंटरवरच्या कात्रीने उभा कापला.

मामी किंचाळली. खरोखर किंचाळली, बाहेरून दोन माणसं डोकावली.

"बघा आता," बाई म्हणाल्या, "ओढा." मामीने कडा ओढली. एकही घर सुटलं नाही. "खरी लोकर आहे, केसाळ. त्यात दोन-दोन धागे एकमेकांना धरून बसलेत. आधी कापायच्या रेषेच्या दोन्ही अंगांना मशीनची शिवण मारा म्हणजे काळजी नको. थंड मुलुखात असेच करतात स्वेटर. आधी विणतात, मग कापतात."

तो तुकडा मामीने दोन दिवस छळला. धुतला, पिळला, ताणला, माझ्याकडून ताणून घेतला. तिसऱ्या दिवशी दुपारी मला शिलाई मशीन घेऊन बोलावलं.

गळ्यापासून काठापर्यंत आम्ही पांढरा दोरा घालून मधली रेषा पक्की केली. ती रेषा अर्थातच मधल्या बसवरून गेली, मधोमध, जशी मामीला हवी होती तशीच. दोन्ही बाजूंना शिवण मारून झाली. मग मामीने कात्री उचलली, खाली ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा उचलली. मग ती माझ्यापुढे धरली.

"तू काप," ती मला म्हणाली.

"मी नाही बाई. दोन वर्षांचं काम आहे."

"अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या कापडाला खोट काढली गं. एवढी मोठी खोट कुणी आणली असती तर अख्खा तागा परत पाठवला असता मी. आणि हे सुटलं तर?" तिचा आवाज फाटला. "सुटलं तर हे कधीच बाहेर जायचे नाहीत."

तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला. "तीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही, आणि तू सरळ दोन तुकडे करणार?"

कित्येक महिन्यांत त्याने केलेली ही पहिली थट्टा. आम्ही दोघी वळून बघतच राहिलो. मामा उठून टेबलापाशी आला, डाव्या हाताने स्वेटरची गळ्याकडची कड घट्ट धरली आणि म्हणाला, "घे. मी बघतो समोरून. चल, चल... सरळ. चल, येऊ दे."

बस मागे घेताना वाहक जसा ओरडतो तसाच. मामीने पहिला काप घेतला. कडेला लोकरीचे बारीक केस उभे राहिले, बाकी काही नाही. "येऊ दे, येऊ दे," मामा. रस्त्याचे पट्टे कापले गेले. "डावीकडे जातेयस. हां, आता सरळ. गाडी आली बघ." चाकं, मग खिडक्या, मग टप. बसचे दोन भाग झाले. "थांबू नको आता मध्येच, चढावर थांबतात का कुणी? येऊ दे!" गळ्याचा शेवटचा काठ कापला गेला आणि स्वेटर टेबलावर दोन बाजूंना उघडला.

एक घरही सुटलं नव्हतं. मामीने दोन्ही कडा बोटाने वरपासून खालपर्यंत तपासल्या, मग पुन्हा तपासल्या. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. खुर्चीत बसली आणि हसायलाच लागली, हसता हसता मामाच्या पाठीत एक धपका घातला. "चढावर म्हणे!" मामाही हसत होता. मला इतकं हलकं वाटलं की मी उठून उगाचच सगळ्यांना चहा केला, आणि मामी म्हणाली, साखर जास्त झाली.

बटणपट्टी दोन दिवसांत झाली. उसवली एकदाच. बटणं मोठी घेतली, हाताला सहज लागतील अशी, आणि ती अशी लावली की पट्टी बंद झाली की बसचे दोन्ही भाग घराला घर मिळून यावेत. मी स्वतः टेबलावर लावून बघितली, जोड शोधावा लागत होता.

रविवारी दुपारी मामा म्हणाला, "द्या इकडे. आणि दोघी लांब व्हा."

आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलो. मामीने दोन्ही हात पाठीमागे धरले होते, आपोआप पुढे जाऊ नयेत म्हणून. मामाने आधी दुखरा हात बाहीत घातला, खालूनच, हळूहळू वर सरकवत. लोकर ताणली, खांद्यावरून गेली. पाठीमागून डावा हात शोधत राहिला, एकदा चुकला, दोनदा चुकला. मामीचा श्वास मला ऐकू येत होता. तिसऱ्यांदा हात बाहीत गेला. मग तो बटणं लावायला लागला. मान खाली, जीभ दातांत, एकेक बटण. सगळी लागल्यावर त्याने मान वर केली आणि आमच्याकडे बघितलं.

बटणं एका काजाने चुकली होती. पहिलं दुसऱ्यात, दुसरं तिसऱ्यात. गळ्याशी एक काज रिकामं, खाली एक बटण लोंबतंय, आणि छातीवरच्या बसचं तोंड एका उंचीवर, शेपूट तीन बोटं खाली.

मी तोंड उघडलं. मामीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की नंतर दोन दिवस तिथे निळं होतं.

"कसा दिसतो?" मामाने विचारलं.

"चांगला," मामी म्हणाली. "निघा आता, उशीर होईल. बाकावर जागा मिळायची नाही."

तो गेला. आम्ही खिडकीशी धावलो. जिना उतरून मामा फाटकापाशी आला आणि तिथे थांबला. त्याने मान खाली घालून छातीकडे बघितलं. मामीने माझा हात पकडला. आता परत येणार, बटणं काढणार, वैतागणार, आणि हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. मामाने डाव्या तळव्याने पुढची बाजू एकदा सारखी केली, फाटक उघडलं आणि डेपोच्या रस्त्याला लागला. सावकाश चालत होता, पण चालत होता.

"नाही कळलं त्यांना," मामी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसतही नव्हती. "नाही कळलं गं. बरं झालं, बाई. फार बरं झालं."