निघायच्या दिवशीचा केर

आई गेली, पुण्याचं भाड्याचं घर सोडलं, आणि त्यानंतर सणाला जायला मला घरच उरलं नाही. जर्मनीत डार्मश्टाटला माझ्याबरोबर पीएचडी करणारा तिबेटी मित्र म्हणाला, "लोसारला आमच्याकडे हॅम्बर्गला चल," तेव्हा मी आढेवेढेसुद्धा घेतले नाहीत. लोसार म्हणजे त्यांचं नवीन वर्ष. मला एकच हवं होतं, त्याच्या आईने पुढच्या वर्षीही मला बोलवावं.

गाडीत मी त्याला त्यांच्या रीतीभाती विचारून पाच तास पिडलं. खतक, म्हणजे ते पांढरं उपरणं, दोन्ही हातांनी द्यायचं. बसलेल्या माणसाचे पाय ओलांडायचे नाहीत. चहाला आधी नको म्हणायचं, आणि घेतला तर कप रिकामा करायचा नाही, केला की लगेच भरतात.

"म्हणजे पुण्याच्या बरोबर उलट," मी म्हटलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. तो वाढला कर्नाटकातल्या तिबेटी वस्तीत. त्याची आई दर हिवाळ्यात पुण्याच्या फुटपाथवर स्वेटर विकायला यायची, त्यामुळे पुणेकरांचा पाहुणचार त्याला ऐकून ठाऊक होता.

दोन दिवस मी ताकही फुंकून प्यायले. देवघराकडे पाय केले नाहीत. लोणी-मीठ घातलेला चहा तोंड वाकडं न करता घेतला. त्याच्या आईला मीही त्याच्यासारखं आमा म्हणू लागले. आमा समोर बसून वाढायच्या आणि स्वेटर विकताना शिकलेल्या हिंदीत म्हणायच्या, "खाओ, सूख गया है." मला वाळलीस म्हणणारं दोन वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. ते ऐकायला मी किती आसुसले होते, हे मला तिथे कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघणार होते. बॅग भरली. सतरंजीवर खापशांचा चुरा पडला होता. खापसे म्हणजे त्यांचे शंकरपाळेच. खाऊनपिऊन तसंच उठून जायचं मला जमत नाही. आमा स्वयंपाकघरात आहेत असं बघून मी झाडू उचलला. दोन हात मारले असतील नसतील, तोच आमा धावत आल्या आणि त्यांनी झाडू हिसकावून घेतला.

"आज नहीं!"

त्या चक्क ओरडल्या. माझं अवघं मुसळ केरात गेलं. आता कसलं पुढचं वर्ष नि कसलं बोलावणं. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"आज तुम जाता है," आमा म्हणाल्या. "घर का आदमी जाता है, तब झाडू नहीं. वापस कैसे आएगा?"

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडेही कुणी प्रवासाला निघालं की लगेच केर काढत नाहीत. मी जर्मनीला निघाले त्या दिवशी आईने केरसुणीला हात लावला नव्हता. पण ते घरच्या माणसासाठी. मी स्वतःला पाहुणी धरून चालले होते.

आईला नेलं तेव्हा मात्र शेजारच्या काकू म्हणाल्या, आता लगेच घर झाडून घे. गेलेलं माणूस परत यायचं नसतं, म्हणून झाडायचं. ते घर मीच झाडलं, आतल्या खोलीपासून थेट दारापर्यंत.

आमांसमोर मला रडू फुटलं. आपण ओरडलो म्हणूनच ही रडतेय असं त्यांना वाटलं. त्यांनी माझं डोकं धरून कपाळाला कपाळ टेकवलं आणि लहान पोरीला सांगावं तसं सांगितलं, "तुम पहुँचके फोन करो. फिर करेगा झाडू."