फुजैराहून आणलं नाही ते

"मावशी, तिकडे पोर्टचे फोटो काढायचे नाहीत हं," दुबईतल्या अल मनखूलच्या घरातून निघताना केतकीने, माझ्या भाचीने, तिसऱ्यांदा बजावलं. तिचा मुलगा दूध पिता पिता म्हणाला, "दे विल अरेस्ट यू, आजी!" सगळे हसले. मीही हसले, पण फुजैराची बस सुरू झाल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना.

मी निवृत्त ग्रंथपाल. आमच्या तालुक्यात आम्ही काही जण मिळून एक इतिहास मंडळ चालवतो. पगार कुणालाच नाही, कार्यालय म्हणजे एका सभासदाची ओसरी. सध्या आम्ही लाँचमधून आखातात गेलेल्या कोकणी माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतोय. आमचा नियम एकच, पण कडक आहे. बोलण्याआधी माणसाची परवानगी घ्यायची, बोलून झाल्यावर सगळं त्याला ऐकवायचं आणि पुन्हा विचारायचं. तो नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायचं आणि प्रत ठेवायची नाही. आजवर नको कुणी म्हणालं नव्हतं. त्यामुळे हा नियम पाळणं आम्हाला फार सोपं वाटत असे.

वाळू संपली आणि डोंगर सुरू झाले. करपलेल्या भाकरीच्या रंगाचे, झाड नाही की झुडूप नाही. मधूनमधून वादी (कोरडी नदी) दिसे, तिच्यात नुसते धोंडे. फोनची रेंज गेली. बसमधले बहुतेक पुरुष साइटवर कामाला जाणारे, झोपलेले. मी पर्समधला रेकॉर्डर उगाचच दोनदा चाचपला.

स्टॉपवर महेश घ्यायला आला होता. त्याच्या वडिलांना, दत्तारामकाकांना, भेटायला मी आले होते. ऐंशी ओलांडलेले काका आता मुलाकडेच राहतात.  गाडीत तो म्हणाला, "काकू, जेवायला या, गप्पा मारा, वेलकम. पण रेकॉर्डिंग खरंच जरुरी आहे का? माझी नोकरी तेलाच्या टर्मिनलवर. व्हिसा रिन्यूअलला टाकलाय. बाबा जुनं काहीही बोलतात, कोण कुठे ऐकेल सांगता येत नाही."

"ते नको म्हणाले तर नाही करणार," मी म्हटलं. उत्तर नियमाला धरून होतं. त्याचं समाधान झालं नाही, हे मला दिसत होतं.

काका मात्र दारातच उभे होते. "इलंस गो बाय? बस. काढ तुझा यंत्र." महेश आतल्या खोलीत गेला आणि दार अर्धवट उघडं ठेवलं.

काका तासभर बोलले. काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही. कारण पुढे येईलच. एवढंच सांगते, की मधेच त्यांचा आवाज खाली गेला तेव्हा अर्धवट दारामागची महेशची सावली हलायची थांबली.

जेवायला प्राजक्ताने, महेशच्या बायकोने, कनदचं (सुरमईचं) कालवण आणि गावच्या आमसुलांची सोलकढी केली होती. चव अगदी घरची. जेवून काका आडवे झाले. ते उठले की ध्वनिमुद्रण ऐकवायचं ठरलं. तोवर समुद्र पाहून येते म्हणून मी बाहेर पडले.

क्षितिजावर जहाजं नांगरून उभी होती, इतकी की जणू पलीकडे दुसरं शहर वसलंय. मी फक्त पाण्याचा फोटो काढला. निदान मला तसं वाटलं.

"मॅडम! तस्वीर ममनूअ (मना) है!" मागून सिक्युरिटीचा माणूस धावत आला. फोटोच्या कडेला तेलाच्या टाक्या आल्या होत्या. त्याने वॉकीटॉकीवर काही सांगितलं आणि थोड्याच वेळात पोलिसाची गाडी येऊन थांबली. तरुण अधिकारी, अतिशय शांत. फोटो पुसायला लावला, पासपोर्ट पाहिला, पत्ता विचारला. मी अल मनखूलचा दिला. मग पर्स उघडायला सांगितली.

"हे काय?"

"रेकॉर्डर. एका वृद्धाच्या आठवणी आहेत," मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं. त्याने बटण दाबलं.

काकांचा आवाज बाहेर पडला. माझं नाव अमुक, गाव अमुक, मुलगा अमुक ठिकाणी कामाला.  मी एका क्षणात महेशचा व्हिसा, प्राजक्ताचं स्वयंपाकघर, सगळं रस्त्यावर आलेलं पाहिलं. अधिकाऱ्याने सिक्युरिटीवाल्याकडे वळून विचारलं, हा काय म्हणतोय? तो हिंदी बोलणारा. मराठी अर्धी तरी कळणारच. तो कान देऊन ऐकू लागला. आवाज पुढे सरकत होता, जिथे तो खाली गेला होता त्या जागेकडे.

"घर की बात है, सर. फॅमिली टॉक," तो म्हणाला.

अधिकाऱ्याने रेकॉर्डर बंद केला. "खलास (झालं). नो फोटो, ओके?" गाडी गेली. सिक्युरिटीवाल्याला खरंच काय कळलं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

घरी येऊन मी घडलेलं सगळं सांगितलं. लपवावंसं फार वाटलं, पण ज्यांचा आवाज होता त्यांना कळायलाच हवं होतं. महेश पांढराफटक पडला. "तुम्ही आमचं नाव सांगितलं?" "नाही रे," मी म्हटलं. तो सोफ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

काका त्याच्याकडे बघत राहिले.

"मी नाय घाबरत," ते मला म्हणाले. "माझा काय जायचा? पण हा घाबरलाय. पूस, बाय."

"काका, आधी ऐका तरी एकदा."

"ऐकलं तर पुसवणार नाय."

मी त्यांच्यासमोर पुसलं.  दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. शेवटी पडद्यावर शून्य आलं ते काकांना दाखवलं, महेशला दाखवलं. काकांनी मान हलवली. महेश उठून बाहेर गॅलरीत गेला.

"काका, मी ऐकलंय त्याचं काय करू?"

"तां तुझ्या पोटात ऱ्हवांदे," ते म्हणाले. या भेटीबद्दल लिहायची परवानगी त्यांनी आणि महेशने नंतर फोनवर दिली, नावं बदलण्याच्या अटीवर. नावं बदलली आहेत.

परत आल्यावर ओसरीवर बैठक झाली. रिकामा रेकॉर्डर मी मधोमध ठेवला. एक सभासद हळहळले, "अहो, एक प्रत ठेवायचीत. कुणाला कळणार होतं?"  पोलिसाने ते बटण दाबलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

भीती अजून गेलेली नाही, फक्त बदलली आहे. दारामागून ऐकलेलं महेश कधी बोलणार नाही; ती गोष्ट आता दोनच माणसांकडे आहे. एक ऐंशी ओलांडलेले काका, आणि दुसरी मी. परवा बाजारात जाऊन मी काय आणायला आले होते तेच विसरले, आणि भाजीवालीसमोर कितीतरी वेळ तशीच उभी राहिले.