हळदीकुंकू लावलेलं ट्रायकोकार्ड

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. तेव्हा मी लिहायला बसणं जरा आगाऊपणाचंच आहे, सांभाळून घ्यावं. पण यातल्या चुका बहुतेक माझ्याच, म्हणून मीच सांगतो.

प्रोजेक्टसाठी मी ट्रायकोकार्ड गावी नेलं. पुठ्ठ्यावर पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा नावाच्या बारीक माश्या वाढत असतात. बाहेर पडल्या की त्या उसातल्या खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. मग किडीचं पांढरं अंडं काळं पडतं आणि त्यातून कीड येत नाही. औषधानं या माश्याही मरतात, म्हणून माझ्या शब्दावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या उसावरची फवारणी थांबवली. "आठ दिस थांबतो," म्हणाले. ऊस गेला असता तर माझ्या शिक्षणावरचा त्यांचा विश्वासही गेला असता.

माशी कसली, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, गांधीलमाशीच्या भावकीतली. दुसऱ्या दिवशी उसातलं तण भांगलायला आलेल्या बायका तोंडाला पदर गुंडाळून बांधावरच थांबल्या.

"मावशी, ही चावत न्हाय. टाचणीच्या टोकाएवढी असती."

"व्हय की. मग तू आधी आत जाऊन हुबा ऱ्हा."

मी बनियनवर सरीत अर्धा तास उभा राहिलो. कार्ड अजून घरीच होतं, शेतात एकही माशी नव्हती. हे सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

संध्याकाळी कार्ड घ्यायला गेलो तर ते देव्हाऱ्यात. शेतात जाणारी नवी वस्तू आई आधी पुजते. फवारणीचा पंपही तिनं पुजला होता. कार्डावर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं होती. निम्मी अंडी दिसेनात.

"आई, आत जीव हायत गं."

"म्हणून तर लावलं."

उरलंसुरलं कार्ड कापून मी पट्ट्या पानांखाली टाचल्या. आबा सकाळ-संध्याकाळ विचारायचे, "आलं का पावणं?" मला एकही पाहुणा दिसला नाही. तसाच कॉलेजसाठी घेतलेल्या शिवाजी पेठेतल्या खोलीवर परतलो.

आठव्या दिवशी आबांचा फोन आला.

"पानाखाली किडीची अंडी घावली. काळी पडल्यात. पंप माळ्यावर टाकलाय." मग म्हणाले, "तुझी आई म्हणत्या, फुडचं कार्ड आणशील तवा आधी देव्हाऱ्यात ठेव."