नळीतला काळा चिकटा

अकोल्याच्या जुन्या शहरात पंप दुरुस्त करणारा एक माणूस आहे. त्याचं नाव मी विचारलं नाही. पिकावर फवारायचा कंपोस्टचा अर्क तयार करायचं माझं यंत्र मी त्याच्यापुढे आपटलं, तेव्हा त्यानं ते उघडण्याआधी वाकून हुंगून पाहिलं. मग पिंपाच्या तळाशी हवा सोडणारी नळी करवतीनं कापली आणि आतला कुजका, काळा चिकटा बोटावर घेऊन माझ्यासमोर धरला.

"आतून धुताच येत नाई ही. जंतू आतच वाढतेत. बनवणाऱ्याले समजाले पायजे होतं."

मी भडकलोच. यंत्र मी तासभर घासाघीस करून घेतलं होतं आणि आता बनवणारा फोन उचलत नव्हता. त्याला मी तिथंच शिव्या हासडल्या.

पंपवाला शांतपणे चिंधीला बोट पुसत राहिला. "गलती त्याचीच हाये, भाऊ. पण अर्काचा वास तं तुमाले येत होता ना?"

येत होता. पण गूळ घालून केलेला पिंपभर अर्क फेकायला जीव झाला नाही. संध्याकाळी तो सांभारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, फवारला आणि सकाळी तीच कापून विकली, हेही मी त्याला सांगितलं.

"कोन्या बाजारात?"

"इथंच."

तो उठला. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले.

"सांभार तं लोक कच्चाच खातेत," तो म्हणाला.

बनवणाऱ्याशी माझं भांडण अजून चालू आहे आणि ते मी सोडणार नाही. पण त्या जुड्या कोणाकोणाच्या ताटात गेल्या, हे विचारायला मी त्या बाजारात परत गेलेलो नाही.