नकाशाच्या कडेवरची भिंत

भावजी, तुमच्याशी बोलायचं म्हणजे तुमच्यामागे या खोलीतून त्या खोलीत फिरायचं. माझे गुडघे आता ऐकत नाहीत, म्हणून लिहिते.

तुमचा जन्म नकाशा कचेरीत गेला. तिरक्या टेबलाशी उभं राहून रेघा ओढायच्या, आणि खाली पायांची चुळबुळ चालूच. हे, तुमचे थोरले भाऊ, म्हणायचे, याचा हात तेवढा नोकरीला आहे, पाय मोकाट.

निवृत्त झालात आणि हातही सुटला. कुठूनसं कृष्णविवराचं सूत्र मिळवलंत. विवराच्या काठाचं अंतर त्यात घातलं की छेदात शून्य येतं. झालं! काठावर भिंत आहे, काळ तिथं थांबतो, आत कुणी जाऊच शकत नाही, आणि जगातले शास्त्रज्ञ झोपा काढतायत. पुस्तिका छापायला टाकलीत, रविवारी जुन्या सहकाऱ्यांपुढे भाषण ठरवलंत, आणि शनिवारी जेवताना मला म्हणालात, वहिनी, तुम्ही गणित शिकलात, जरा नजर टाका. वरातीमागून घोडं.

आकडेमोड बिनचूक होती. तीच पंचाईत. मी विचारलं, जगाच्या नकाशात वरची कड म्हणजे काय?

"उत्तर ध्रुव. अख्खी कड."

"आणि खरा ध्रुव केवढा?"

"टिंबाएवढा."

"मग त्याची रेघ कशी झाली?"

"कागद सपाट आहे म्हणून. त्यात जमिनीचा काय दोष?" म्हणालात, आणि पुढचा घास हातातच राहिला.

काठावरचं शून्यही तसंच, मी सांगितलं. लांबून बघणाऱ्याच्या घड्याळानं मापलं म्हणून आलेलं. आत पडणाऱ्याचं घड्याळ चालूच असतं. तो काठ ओलांडतो, फक्त परत येत नाही. मापं बदला, भिंत नाहीशी.

तुम्ही ताटावरून उठलात, चपला घातल्यात आणि गेलात. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हट्टानं तेच वाचलं असतंत, तर ज्यांनी जन्मभर तुमच्या शेजारी तीच कड आखली, तेच हसले असते. तुमची सगळी पत त्या चार माणसांत.

रविवारी उभे राहिलात, कागद दुमडलात. "मी आयुष्यभर जी कड आखली, तिलाच भिंत समजून बसलो." कुणी हसलं नाही. एकानं नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद करायला लावला.

जिना उतरताना ठरलं, उद्या दोघांनी छापखान्यात जायचं आणि पुस्तिकांचे गठ्ठे रद्दीत घालायचे. एकट्याला लाज वाटते म्हणालात. सोमवारी मी पिशवी घेऊन दारात उभी, आणि तुम्ही आलात ते नवं खूळ घेऊन. विवराच्या मधोमध येणारं शून्य, तेही नकाशाचंच पाप का? नाही हो भावजी, ते कोणत्याही मापानं जात नाही. असं कसं जात नाही, म्हणून तुमच्या फेऱ्या सुरू. मीही चिडून कागद ओढला. भांडता भांडता छापखाना बंद व्हायची वेळ झाली.

मंगळवारीही तेच, पुढेही तेच. छापखानेवाला मलाच फोन करतो, गठ्ठे दारात आडवे येतात म्हणतो. मी म्हणते, उद्या येतो दोघं.